घरात चाकू आणायचा की नाही?

टीव्ही घ्यायचा की फ्रीज, गाडी हप्त्यावर घ्यायची की रोखीने, अशी चर्चा घराघरांत होत असते. आमच्या घरात मात्र दीड महिना चर्चा चालली ती एका चाकूची. भाजी चिरायचा साधा चाकू नव्हे. मिटवून खिशात ठेवायचा, पाच इंची पात्याचा, लाकडी मुठीचा मोठा चाकू. मिटला तरी जवळजवळ वीतभर. किंमत नऊशे रुपये. रक्कम आमच्यासारख्यांना लहान नाही, पण प्रश्न नुसता पैशाचा राहिला नाही. पुष्कळ घरांत हाताने काम करणारी तरुण मुले आहेत. त्यांच्या आईबापांना उपयोग होईल म्हणून हे लिहीत आहोत.

आम्ही दोघे नवराबायको सांगलीत राहतो. एक मार्केट यार्डात हमाली करतो, दुसरी हंगामात बेदाण्याच्या शेडवर निवडायला जाते. घरात ऐंशी पार केलेली आई, म्हणजे मुलांची आजी. थोरला मुलगा ठिबकचे फिटिंग करतो. तासगाव, कवठेमहांकाळ, मिरज तालुक्यांतील द्राक्षबागांत ठेकेदाराबरोबर जातो. धाकटी मिरजेत नर्सिंग शिकते.

चाकूची मागणी थोरल्याची. गणपती पेठेच्या बाजूला एका दुकानात त्याने तो पाहिला होता. त्याचे म्हणणे सरळ होते. लॅटरल कापायला दर वेळी दुसऱ्याकडे कटर मागावा लागतो. सुतळी, पोती, बंडलाच्या पट्ट्या, सगळ्याला काहीतरी धारदार लागते. स्वतःची हत्यारे असलेल्या कारागिराला ठेकेदारही जरा मानाने वागवतो. हे आम्हाला पटले. हमालाचा हूक ज्याचा त्याचा असतो. दुसऱ्याचा हूक घेऊन हळदीचे पोते उचलले तर हाताला बसत नाही, हे बत्तीस वर्षांच्या कामाने शिकवले आहे.

पण मोठाच कशाला, हे त्याला सांगता येईना. मग आम्ही त्याला एक काम दिले. आठ दिवस तू काय काय कापतोस ते रोज संध्याकाळी वहीत लिही. भांडण न करता निकाल लावायचा हा बरा मार्ग आहे. आठ दिवसांनी वही पाहिली. सोळा मिलिमीटरची लॅटरल, सुतळी, खताची रिकामी पोती, प्लास्टिकच्या पट्ट्या, दुपारच्या भाकरीबरोबर कांदा. दोन बोटांपेक्षा जाड असे त्यात काहीच नव्हते. पीव्हीसीची मेन पाइप करवतीने कापतात. बांबू किंवा फांदी तोडायची तर शेतकऱ्याचा कोयता असतो. म्हणजे तीन इंची पाते पुरे होते. हा हिशेब त्याच्याच हाताने लिहिलेला असल्याने त्याला नाकारताही येईना.

यार्डातील एका जुन्या सुताराने आणखी एक गोष्ट समजावली. मिटणाऱ्या चाकूचा कच्चा भाग म्हणजे त्याचा सांधा. पाते जितके लांब, तितका दाबताना सांध्यावर ताण जास्त. काही चाकूंत पाते फक्त स्प्रिंगच्या जोरावर उघडे राहते. टोकाने भोक पाडायला गेले किंवा पात्याच्या पाठीवर ठोकले की ते उलटे मिटते, आणि मिटते ते थेट बोटांवर. म्हणून मिटणारा चाकू घ्यायचा तर पाते उघडल्यावर अडकून राहणारा घ्यावा. कुठे आतली पट्टी सरकून पात्याच्या बुडाला आडवी येते, कुठे मुठीवरची कडी फिरवून पाते अडवतात. अडकवलेला चाकू दुकानातच उघडून, पात्याची पाठ लाकडावर हलके दाबून पाहावी. सांधा डगमगला तर तो चाकू घेऊ नये.

पोलादाचेही तसेच. साध्या पोलादाला दगडावर लवकर धार लागते, पण ते गंजते आणि लिंबू-कांद्याने काळे पडते. स्टेनलेस गंजत नाही, पण बहुधा धार लावायला वेळ खाते. ठिबकच्या कामात हात सतत ओले, तेव्हा स्टेनलेस बरे असे सुताराचे मत पडले.

मोठा चाकू म्हणजे चांगला चाकू, ही समजूत सिनेमानेही पसरवली आहे. उत्तर प्रदेशातील रामपूरचा चाकू हिंदी सिनेमातील गुंडाच्या हातात इतका दिसला की त्या गावाचे नावच चाकूला लागले. २०२३ साली तर त्या शहरात एका चौकात सुमारे वीस फुटी चाकू उभारण्यात आला. उलट फ्रान्समधल्या सॅव्हॉय या डोंगरी भागातले उदाहरण पाहा. तिथे १८९० च्या सुमारास जोसेफ ओपिनेल या कारागिराने शेतकऱ्यांसाठी लाकडी मुठीचा मिटणारा चाकू काढला. १९५५ साली त्याला पाते अडवणारी कडी बसवली. तो लहानमोठ्या नंबरांत मिळतो. त्यात लोकांच्या सर्वांत पसंतीचा आठ नंबर आहे आणि त्याचे पाते फक्त साडेआठ सेंटिमीटरचे. तिथला शेतकरी एवढ्या पात्यात पाव कापतो, फांदी छाटतो, दोरी तोडतो.

आता कायद्याचे. वस्तीतील एका वकिलांना विचारले. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील नियम पूर्वी १९६२ चे होते, आता २०१६ चे आहेत. त्यांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याच्या सुऱ्या, खंजीर, तलवारी शस्त्रांच्या यादीत येतात. घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारे त्यातून वगळली आहेत. या मापाने पाच इंची चाकू यादीत बसत नाही. थोरल्याचा चेहरा खुलला. पण वकील पुढे म्हणाले, "महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१ चा आहे, त्याचे कलम ३७ वाचा." सण, निवडणूक, मोर्चा असला की शांततेसाठी जिल्हादंडाधिकारी त्या कलमाखाली बंदी आदेश काढतात. त्या काळात चाकू, काठ्या, इजा करता येईल अशी कुठलीही वस्तू बाळगून फिरायला मनाई करता येते. असा आदेश बहुधा पंधरवड्यापुरता असतो आणि वर्तमानपत्रात त्याची चार ओळींची बातमी येते. रोज पहाटे कामाला जाणाऱ्या मुलाने ती बातमी वाचलेली असेलच असे नाही.

इथून आमच्या मनातली खरी भीती सुरू झाली. कायद्यात इंच लिहिलेले असतात. नाक्यावर मात्र टेप घेऊन कोणी उभे नसते. आमच्या भाच्याला काही वर्षांपूर्वी रात्री एका नाक्यावर अडवले होते. पिशवीत द्राक्षाची छाटणीची कात्री होती. आधी नाव विचारले. मग आडनाव. मग कुठल्या वस्तीत राहतोस. वस्तीचे नाव सांगितल्यावर आवाज बदलला. ही कात्री कामाची आहे, बागायतदाराला फोन लावा, असे तो सांगत राहिला. पहाटेपर्यंत बसवून ठेवले आणि मग काही न लिहिता सोडले. त्याच रात्री त्याच रस्त्याने तशाच कात्र्या घेऊन दुसरीही मुले गेली असतील. त्यांचे आडनाव विचारून कोणाचा आवाज बदलला असेल काय? कात्रीचे हे झाले, तर वीतभर चाकूचे काय होईल, हा प्रश्न कुठल्याही आईबापाच्या मनात येणारच.

आजीचा विरोध वेगळाच होता. ती म्हणाली, "आरं, माझ्या सासऱ्याच्या घरात सुरी असायची आढ्याला खोचल्याली. गावात ढोर मेलं की सांगावा यायचा. ती सुरी घिऊन जायाचं. नगं मला पुन्यांदा सुरी घरात." महाडला मार्च १९२७ मध्ये बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि गावकीची लाजिरवाणी कामे सोडून द्या, असे सांगितले. वतनात बदल करण्याचे विधेयक त्यांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात मांडले. पण वतने कायद्याने गेली ती १९५८ च्या कायद्यानंतर. दरम्यानची तीस वर्षे आजीच्या घराने भोगली आहेत. तिच्या सासऱ्यांनी ती सुरी एके दिवशी ओढ्यात टाकली आणि त्यानंतर गावाने त्यांना वर्षभर काम दिले नाही. नातवंडांना हे ठाऊक नव्हते. चाकूच्या निमित्ताने त्यांना ते कळले.

धाकटीने विहारात भन्तेजींना विचारले. भिक्खूच्या अष्ट परिष्कारांत वस्तरा आहे, म्हणजे धारदार वस्तू बाळगणे हे मुळात वाईट नाही. उपासकाने करू नयेत अशा पाच व्यापारांत मात्र शस्त्रांचा व्यापार पहिला सांगितला आहे. वस्तू तीच असली तरी ती कशासाठी जवळ ठेवली, याचा विचार आपल्यालाच करावा लागतो. हे ऐकून आम्ही थोरल्याला शांतपणे विचारले, "खरे सांग, हा चाकू फक्त लॅटरलसाठी आहे काय?"

बराच वेळ तो गप्प बसला. मग म्हणाला, "आई, रात्री कवठ्याकडनं येताना दोनदा पोरांनी गाडी आडवली. जातीवरनं बोलली. मोठा चाकू खिशात असला तर भ्या वाटणार न्हाई."

आठ दिवसांची वही, कायदा, पोलाद, सगळे एका बाजूला राहिले. मूळ कारण भीती होते. त्याच्या वडिलांनी त्याला एवढेच सांगितले, "ती चौघं, तू एकटा. चाकू काढलास तर एक तर तुझ्या हातातून काढून घेतील, नाहीतर तुझ्या हातनं कोणाला तरी लागेल. दोन्हीकडून कागदावर नाव तुझंच येणार." त्यावर धाकटी बोलली, "मीपण मिरजेतून अंधार पडल्यावर येते, दादा. मला कुणी चाकू घ्यायचा का असं कधी विचारलं?" कोणाजवळच त्याला उत्तर नव्हते.

त्या रात्रीनंतर आम्ही दोन प्रश्न वेगळे केले. भीतीचा प्रश्न चाकूने सुटणार नव्हता, तो दुसऱ्या मार्गाने सोडवायला घेतला. ठेकेदाराशी बोललो. आता फिटिंगची मुले दोन गाड्यांवर सोबत परततात, आणि काम लांबले तर तिथेच मुक्काम करतात. वकिलांच्या सल्ल्याने अडवणुकीच्या दोन्ही वेळांची तारीख, ठिकाण, बोललेले शब्द वहीत लिहून ठेवले. जातीवरून केलेल्या अपमानाला १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. तक्रार करायची वेळ आली तर आठवणीपेक्षा लिहिलेले जास्त उपयोगी पडते. धाकटीला बसथांब्यावर आणायला घरातले कोणीतरी जाते, ती कितीही नको म्हणाली तरी.

कामाचा प्रश्न मग सोपा होता. पाच इंची चाकू घेतला नाही. तीन इंची पात्याचा, पट्टीने अडकणारा, नारंगी मुठीचा चाकू साडेतीनशे रुपयांना घेतला. नारंगी अशासाठी, की गवतात पडला तर दिसावा आणि पाहणाऱ्यालाही तो कामाचाच वाटावा. उरलेल्या पैशांत लॅटरलचा पंच आणि छोटी करवत आली. चाकू खिशात ठेवायचा नाही, पान्हा-पक्कडीबरोबर हत्यारांच्या पिशवीतच ठेवायचा, असे ठरले. पिशवीत ठेकेदाराच्या सहीची चिठ्ठी आणि दुकानाची पावती ठेवली आहे. आपल्या मुलाला आपल्याच कामाच्या हत्याराची चिठ्ठी बाळगावी लागते, याचा रागही येतो. पण राग आला म्हणून चिठ्ठी काढून टाकली नाही.

आजीने चाकू हातात घेऊन उघडून पाहिला. म्हणाली, "ती सुरी गावानं दिल्याली व्हती. ह्यो त्याच्या पैशाचा हाय. ऱ्हाऊ दे."

ज्या घरात असा प्रश्न येईल त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे. मुलाला एकदम नाही म्हणू नका आणि एकदम पैसेही देऊ नका. आधी आठ दिवस काय कापतो ते लिहायला लावा. जेवढे काम, तेवढेच पाते घ्या. अडकणारा सांधा बघा. मुठीला खटका दाबून झटकन उघडणारा चाकू कामासाठी नसतो, तो घेऊ नका. बंदी आदेशाच्या दिवसांत हत्यारे कामाच्या जागीच ठेवायला सांगा. आणि मुलगा मोठ्याच चाकूचा हट्ट धरत असेल, तर किमतीवर वाद घालण्याआधी त्याला रस्त्यात कोणी अडवते काय, हे विचारा. मुलीलाही विचारा.