आधी काय कराल, सिस्टर?

महाराष्ट्रात नर्सला परवान्यासाठी वेगळी परीक्षा नसते. जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग पास व्हायचं, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी करायची आणि ड्युटीला उभं राहायचं. अमेरिकेत जायचं तर मात्र एनक्लेक्स-आरएन पास करावीच लागते. पिंपरी-चिंचवडच्या रुग्णालयांत नोकरी करणाऱ्या काही सिस्टर आणि ब्रदर त्यासाठी संध्याकाळी माझ्याकडे येतात. कुणी चाकणहून तळेगाव चौकाच्या ट्रॅफिकमधून येतं, कुणाला इथूनच नाइटला जायचं असतं.

यांना अभ्यास येत नाही असं मुळीच नाही. 500 मिली सलाइन 4 तासांत, सेट 20 थेंबांचा, म्हणजे मिनिटाला 42 थेंब, हे त्या बोलता बोलता सांगतात. पोटॅशियम क्लोराइड शिरेत थेट ढकलायचं नाही, हे झोपेतही विसरत नाहीत. अडतं ते दुसरीकडे.

बाळंतपणानंतर रक्तस्राव वाढलाय, गर्भाशय हाताला मऊ लागतंय. आधी काय कराल? बहुतेक जणी ‘डॉक्टरांना कळवीन’ हा पर्याय निवडतात. बरोबर उत्तर गर्भाशयाला मसाज हे आहे. आणि याच मुली लेबर रूममध्ये हात आधी पोटावर ठेवतात, मग मावशींना डॉक्टरांकडे पिटाळतात! हाताला जे कळतं ते स्क्रीनसमोर सुटतं, कारण आपणच त्यांना तसं घडवलंय. पहिल्या वर्षापासून ‘विचारल्याशिवाय काही करायचं नाही’ हेच त्यांच्या कानावर पडतं. निर्णय त्या रोज घेतात, पण तो आपला आहे हे म्हणायला त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. याचा मला राग येतो.

म्हणून मी गाइड मिटायला लावते आणि इथलेच पेशंट मांडते. एमआयडीसीतून दोघे एकदमच कॅज्युअल्टीत आलेत. एकाची बोटं पॉवर प्रेसमध्ये चिरडलीत, तो ओरडतोय, भोवती सुपरवायझर आणि नातेवाईक. दुसरा शेडच्या पत्र्यावरून पडलेला. गप्प, अंग थंडगार, नाडी 124, बीपी 88/60. आधी कुणाकडे? वर्ग बराच वेळ बोटांपाशीच घुटमळतो. मग कुणीतरी म्हणतं, मॅडम, दुसऱ्याला पोटात रक्तस्राव होत असेल. मग डॉक्टर येईपर्यंत? मान न हलवता श्वास बघीन, ऑक्सिजन लावीन, जाड सुया टाकायची तयारी करीन. प्रत्येक उत्तराला ‘का?’ विचारल्याशिवाय मी ते स्वीकारत नाही.

कधी डॉक्टरांना कळवणं हेही खरंच उत्तर असतं. डिगॉक्सिन द्यायचंय आणि नाडी 52 भरली, तर आधी डोस थांबवायचा आणि मग फोन करायचा. हा क्रम पक्का बसेपर्यंत मी पुढे जात नाही, कारण या परीक्षेत मागच्या प्रश्नावर परतता येत नाही. एप्रिल 2023 पासून तिचे प्रश्न कमीत कमी 85 आणि जास्तीत जास्त 150 असतात, वेळ 5 तास. 85 वर स्क्रीन थांबली की मुली घाबरतात. उमेदवाराची पातळी पुरेशा खात्रीनं ठरली की संगणक थांबतो, पास असो वा नापास, हे त्यांना आधीच सांगून ठेवावं लागतं.

आता जीएनएमच्या मुलींनाही मी हेच करायला लावते. त्यांच्या पेपरात प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाचं व्यवस्थापन लिहायला येतं आणि त्या पाठ केलेली यादी उतरवतात. मी सांगते, पहिल्या ओळीत डॉक्टर येण्याआधी तुम्ही काय केलंत ते लिहा.