यझदीचा श्वास

मंडळी, आमची यझदी रोडकिंग तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली आहे, काही जण तिच्यावर बसूनही गेलेत. म्हैसूरचा तो कारखाना 1996 साली बंद पडला, गाडी चालू आहे. किक आणि गिअर एकाच दांड्यावर असलेली ही गाडी हल्लीच्या पोरांना चालवायला दिली की गंमत बघावी!

तर नातवाने तिच्यासाठी कोन फिल्टर आणला. मूळ डबा काढून टाकायचा आणि कार्ब्युरेटरच्या तोंडाला हा शंकूसारखा फिल्टर थेट लावायचा. "आजी, तिला श्वास पुरत नाही गं," असं त्याचं म्हणणं. ते खोटं नाही, पण अर्धं आहे. उरलेलं अर्धं फिल्टरच्या खोक्यावर छापलेलं नसतं.

पेट्रोल नीट जळायला वजनाने साधारण 14.7 पट हवा लागते. मी वहीत हिशेब मांडला. एक लिटर पेट्रोल म्हणजे पाऊण किलोच्या जरा आत, म्हणजे हवा जवळजवळ अकरा किलो. हवेचं वजन लिटरला सव्वा ग्रॅमच्याही आतच, म्हणून ती होते नऊ हजार लिटर. गच्चीवरच्या हजार लिटरच्या काळ्या टाक्या असतात ना, तशा नऊ! एवढं सगळं त्या एवढ्याशा तोंडातून आत जातं. आता तोंड मोकळं केलं आणि पेट्रोलचं भोक तेवढंच ठेवलं, तर हवा जास्त आणि पेट्रोल कमी पडणार. याला मिश्रण 'लीन' झालं म्हणतात.

फोर स्ट्रोकमध्येही हे वाईटच. पण यझदी टू स्ट्रोक. तिचं ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. हे लिटरला 40 मिली मोजून घालायचे आणि पंपावरच्या पोराला गाडी गदागदा हलवायला लावायचे, त्याचं कारण तेच. पेट्रोल कमी गेलं की ऑइलही कमी जातं. इंजिन तापतं, पिस्टन फुगून सिलिंडर धरतो आणि मागचं चाक जागच्या जागी जाम होतं. साठच्या वेगात, मागे सूनबाई बसलेली असताना. मला काळजी इंजिनची कमी, याची जास्त होती.

त्यात 2025 पर्यंत पंपांवर सगळीकडे 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं. इथेनॉलला हवा कमी लागते, वजनाच्या नऊ पट. त्यामुळे या मिश्र पेट्रोलला साडेतेरा पटच पुरते. म्हणजे जुन्या मापाचा जेट असलेली गाडी फिल्टरला हात न लावताही थोडी लीन चालते.

उद्यमनगरात माझा एक जुना विद्यार्थी मेस्त्री आहे. नातवाला त्याच्याकडे धाडलं, मीही मागोमाग गेले. तो म्हणाला, "बाई, लीन झाली की गाडी आधी झकास पळती. पोरं तिथंच फसत्यात." हे मला फार पटलं. आजारी माणूस निदान कण्हतो तरी.

मग एका पहाटे पन्हाळ्याच्या रस्त्याला. वाघबीळच्या अलीकडे सरळ रस्ता बघून मेस्त्रीने नवा प्लग घातला, वरच्या गिअरमध्ये पूर्ण रेस दिली, तशीच चावी बंद केली आणि क्लच दाबून गाडी कडेला आणली. ती हळूहळू चालवत थांबवली असती, तर प्लगने मंद रेसचा रंग दाखवला असता, भरधाव रेसचा नव्हे. प्लग काढला तर चिनी मातीचा भाग चुन्यासारखा पांढरा. म्हणजे लीन. काळा काजळलेला असता, तर पेट्रोल जास्त. हवा असतो दुधाच्या कॉफीचा रंग. 2000 साली शिशाचं पेट्रोल गेल्यापासून हा रंग फिका उठतो, म्हणून मेस्त्री भिंगाने अगदी बुडाशी बघतो. (ते भिंग माझं, पंचांग वाचायचं.)

मेन जेट दोन नंबर मोठा घातला. तो फक्त शेवटच्या पाव रेसचा मालक. मधल्या रेसला निडल सांभाळते, तिची क्लिप एक खाच खाली घेतली. त्याने निडल वर उचलली जाते आणि पेट्रोल वाढतं. रेस सोडल्यावर इंजिन उगाच गुरगुरत राहायचं, तेही थांबलं. तिसऱ्या फेरीला प्लगवर कॉफी उमटली. नातू खूष. वेग किती वाढला म्हणाल, तर मला विशेष जाणवला नाही. आवाज मात्र वाढला, शेजारच्या आजोबांनी लगेच विचारलंच.

पावसाळ्यात मात्र हा उघडा फिल्टर चालायचा नाही. भिजला की हवा अडते. म्हणून जूनच्या आधी जुना डबा परत बसेल, आणि त्याबरोबर जुना जेट आणि क्लिपची जुनी खाचही. डबा मी भंगारात दिलेला नाही. जेट रिकाम्या औषधाच्या डबीत घालून, वर चिठ्ठी चिकटवून, फडताळात ठेवलाय.