रत्नागिरीत कोकमाचा कारखाना निवडताना

मैत्रिणींनो, मे महिन्यात रत्नागिरीला निघालात, तर १९१० साली बांधलेला थिबा राजवाडा बघाच. पण एक सकाळ कोकमासाठीही ठेवा. कारखाना निवडायचा कसा? रस्त्यावरच्या पाटीला भुलू नका. मी भुलले! घरी सोलकढी नुसतीच गुलाबी झाली. सासूबाई एक घोट घेऊन गप्प बसल्या.

म्हणून सांगते, अंगणात रातांब्याची सोलं वाळताना दिसतील, तिथेच शिरा. रसाची पुटं देऊन पुन्हा पुन्हा उन्हात सुकवली, की त्यांचीच आमसुलं होतात. आगळ म्हणजे मीठ घातलेला रस, तो कढीला घ्या. साखरेत मुरलेलं अमृत कोकम सरबताला. आधी चाखा, मगच पैसे काढा. आणि पावसाआधीच जा बरं का, नंतर वाळवणं आटोपतात!