सिंगापूरच्या बाजारात तेरा जणांची पंगत

सिंगापूरला जाऊन आलेली माणसे उंच इमारती, चकचकीत रस्ते आणि विमानतळ यांविषयी भरभरून बोलतात. पण तेथील कामकरी माणूस रोज कोठे जेवतो, हे फारसे कोणी सांगत नाही. २०२५ च्या मे महिन्यात आमच्या वसाहतीतील आम्ही तेरा जण तेथे गेलो होतो. तीन वर्षे भिशीत पैसे साठवून केलेली ही सहल. तिच्यातील एका जेवणाची हकीकत वाचकांपुढे ठेवावीशी वाटते.

चायनाटाउनमधील साउथ ब्रिज रोडवर बुद्ध टूथ रेलिक टेंपल हे भव्य विहार आहे. ते २००७ साली खुले झाले. याच रस्त्यावर १८२७ साली स्थापन झालेले मरिअम्मनचे देऊळ आणि जवळच जामे मशीद आहे. पाच वाजता विहार बंद झाले. वंदना करून बाहेर आलो तो समोरच मॅक्सवेल फूड सेंटर. आमच्यातील काहींचे मत भारतीय हॉटेल शोधावे असे होते. बायकांनी मात्र ठाम सांगितले, "डाळ-भात घरी आहेच. इथली माणसं खातात तेच खाऊ."

अशा जागेला तिकडे हॉकर सेंटर म्हणतात. हॉकर म्हणजे आपला फेरीवाला. पूर्वी सिंगापूरच्या रस्त्यांवरही हातगाड्यांची गर्दी असे. नळ नाही, गटार नाही, खरकटे तेथेच. १९६५ साली देश स्वतंत्र झाल्यावर सरकारने फेरीवाल्यांची नोंदणी केली आणि १९७१ ते १९८६ या काळात त्यांना छपराखालच्या गाळ्यांत बसविले. पाणी, वीज, सांडपाण्याची सोय दिली. आज अशी शंभरावर केंद्रे आहेत. डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने या हॉकर संस्कृतीची मानवी वारशाच्या यादीत नोंद केली. आपल्याकडेही पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा कायदा आहे. तरी गाडी उचलली जाईल ही धास्ती आपल्या कितीतरी घरांना ठाऊक आहे. म्हणून हे गाळे आम्ही डोळे भरून पाहिले.

आधी जागा धरायची. त्याची तेथील रीत गमतीची आहे. टेबलावर कागदी रुमालाचे पाकीट ठेवले की जागा तुमची! याला 'चोप' करणे म्हणतात. आम्ही तीन टेबले धरली आणि रांगा लावल्या. चिकन राइस ही तेथील घरोघरची आवडती थाळी. चीनच्या हैनान बेटावरून आलेल्या लोकांनी ती आणली. कोंबडी मसाल्याविना शिजवतात, मग गार पाण्यात बुडवतात. आणि तिच्याच रश्श्यात आले, लसूण व पांदानची पाने घालून भात शिजवतात. दिसायला पांढरेफटक, पण सोबतच्या मिरचीच्या चटणीने आमच्या तरुणांच्याही डोळ्यांतून पाणी काढले. लाक्सा म्हणजे नारळाच्या दुधाच्या तिखट रश्श्यातील तांदळाच्या शेवया. त्यात सुकी कोळंबी वाटून घालतात. वास येताच एक काकू म्हणाल्या, "अहो, हे तर आपले सोडे!" मांस न खाणाऱ्या दोघांना भाज्या घातलेल्या शेवया मिळाल्या. शेवटी कोपी, म्हणजे कॉफी. नुसती कोपी म्हटले तर कन्डेन्स्ड मिल्क घालून देतात. दूध-साखर दोन्ही नको असेल तर 'कोपी ओ कोसोंग' म्हणायचे.

आमच्या टेबलाशी एक चिनी आजोबा आणि हिजाब घातलेली एक मलय मुलगी येऊन बसली. कोणी कोणास जात, गाव, धंदा विचारले नाही. आजोबांनी खुणेने चटणी कशी घ्यायची ते दाखविले. आपल्या आधीच्या पिढ्यांना पंगतीत बसू दिले जात नव्हते, हे ठाऊक असणाऱ्याला या साध्या शेजाराचे मोल कळते.

जेवण झाल्यावर आपला ट्रे आपणच रॅकवर नेऊन ठेवायचा. १ सप्टेंबर २०२१ पासून तेथे ही सक्ती आहे. पहिल्यांदा लेखी ताकीद, दुसऱ्यांदा ३०० डॉलर दंड. हलाल जेवणाच्या ताटांसाठी रॅक वेगळा असतो. आमच्यातील एक तरुण कुरकुरला, "पैसे देऊन वर उष्टी उचलायची?" तेव्हा महापालिकेच्या सफाई खात्यातून निवृत्त झालेल्या आमच्या मावशी उठल्या आणि म्हणाल्या, "बाळा, तीस वर्षं दुसऱ्याचं उचललं. आपलं आपण उचलायला कसली लाज?" त्यांच्याच वयाची एक बाई तेथे टेबले पुसत होती. मावशींनी ट्रे ठेवून तिला हात जोडले. तीही हसून वाकली. सिंगापुरात सर्वांसाठी सरसकट किमान वेतनाचा कायदा नाही. मात्र सफाई कामगारांना ठरलेल्या श्रेणीने वेतन देण्याची अट २०१४ पासून कंत्राटदाराच्या परवान्याला जोडली आहे. तरीही उतारवयात उभ्याने काम करावे लागते, हेही आम्ही पाहिले. सगळेच गोड आहे असे सांगणार नाही.

हिशेब ठेवण्याचे काम आमच्याकडे होते. तेरा जणांचे ९६ डॉलर झाले, म्हणजे ६५ रुपयांच्या भावाने ६,२४० रुपये, माणशी ४८०. मोठ्या हॉटेलात बहुधा बिलावर १० टक्के सेवा आकार आणि ९ टक्के जीएसटी चढतो; येथे पाटीवर लिहिलेली तीच किंमत. जाणाऱ्यांनी कागदी रुमाल, पाण्याची बाटली आणि सुटे डॉलर जवळ ठेवावेत.

तिकडचे गाळे आपण आणू शकत नाही. पण जेवल्यावर आपले ताट आपण उचलायचे, एवढे आणायला विमानाचे भाडे पडत नाही. आमच्या वसाहतीच्या पुढच्या कार्यक्रमापासून ही रीत सुरू करण्याचे आम्ही तेरा जणांनी ठरविले आहे. उष्टे उचलणे हे एकाच समाजाच्या वाट्याचे काम नव्हे, हे मुलांना भाषणापेक्षा ताट हाती दिल्याने लवकर समजेल.