दिंडोरी ते वत्सगुल्म

नाशिकच्या द्राक्षपट्ट्यातून समृद्धी महामार्गाने पूर्वेकडे निघालेला प्रवासी बुलढाणा जिल्हा ओलांडून मालेगाव तालुक्यातून वाशीम जिल्ह्यात शिरतो, तेव्हा द्राक्षांच्या मांडवांची जागा सोयाबीन आणि तुरीच्या शेतांनी केव्हाच घेतलेली असते. वाईनची द्राक्षे हे या जिल्ह्याचे पीक नव्हे; तरीही महाराष्ट्रातील मद्यसंस्कृतीचा इतिहास सांगताना वाशीम वगळता येत नाही, कारण ज्या राजवटीत मधुपानाची येथील सर्वांत देखणी चित्रे रंगवली गेली, तिची राजधानी येथेच होती.

वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. पहिल्या प्रवरसेनानंतर वाकाटक घराण्याच्या शाखा झाल्या आणि त्यांपैकी सर्वसेनाची शाखा येथून राज्य करू लागली. 1939 साली प्रकाशात आलेला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट, ज्यात वंशावळ संस्कृतात आणि दानाचा व्यवहार प्राकृतात लिहिलेला आहे, तो वत्सगुल्माहूनच दिलेला आहे. याच शाखेतील हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात अजिंठ्याचे 16 क्रमांकाचे लेणे खोदवले, तर शेजारचे 17 क्रमांकाचे लेणे एका मांडलिकाने. या 17 क्रमांकाच्या लेण्याच्या ओसरीत मधुपान करणारे राजदांपत्य चितारलेले आहे, आणि 1 क्रमांकाच्या लेण्याच्या छतावर परदेशी वेशातील पुरुष हाती चषक घेऊन बसलेले दिसतात. चित्रातला चषक आतील पेयाचे नाव सांगत नाही. मात्र कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्राक्षरसाच्या मद्याला ‘मधु’ म्हटले असून, त्याचे कापिशायन आणि हारहूरक हे प्रकार उत्पत्तिस्थानावरून ओळखले जात. कापिशी म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातील बेग्रामचा परिसर, म्हणजेच हे पेय दख्खनच्या दृष्टीने दूर वायव्येचे होते.

आज द्राक्षाचे मद्य वाशीमपासून एका दिवसाच्या रस्त्यावर आले आहे. दिंडोरी आणि नाशिकच्या परिसरात रेड वाईनसाठी शिराझ ही काळी द्राक्षजात मोठ्या प्रमाणावर लावली जाते. नावावरून ती इराणची वाटते, परंतु डीएनए तपासणीने तिचे मूळ फ्रान्सच्या आग्नेय भागातील दुरेझा आणि माँद्यूझ ब्लांश या दोन जातींच्या संकरात असल्याचे दाखवून दिले. युरोपात वेल वर्षातून एकदा फळतो आणि थंडीत झोपतो. महाराष्ट्रात मात्र एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता फळछाटणी करून पीक कोरड्या हवेत, जानेवारी ते मार्चच्या सुमारास, काढले जाते. या दुहेरी छाटणीमागे आपल्या शेतकऱ्यांनी कमावलेले जे शहाणपण आहे, त्याची दखल वाईनच्या चर्चेत फार कमी घेतली जाते.

रेड वाईनला रंग सालीतून येतो, कारण रस सालींसकट आंबवला जातो. त्याच सालींतून आणि बियांतून टॅनिन, म्हणजे जिभेवर तुरटपणा आणणारे द्रव्य, उतरते. शिराझमध्ये पिकलेल्या जांभळ्या फळांची चव असते आणि तिच्या जोडीला मिऱ्याचा वास, जो रोटंडोन या संयुगामुळे येतो. तेच संयुग काळ्या मिऱ्यातही असल्याचे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी 2008 मध्ये दाखवले.

म्हणूनच वाशीमच्या ताटाशी या वाईनचे चांगले जुळते. सुके खोबरे, खसखस आणि काळ्या मसाल्यातील वऱ्हाडी मटणाच्या रश्श्यात असलेले प्रथिन आणि चरबी टॅनिनचा तुरटपणा सौम्य करतात, आणि मसाल्यातील मिरे वाईनमधील वासाला उठाव देतात. तुराट्यांच्या आगीवर भाजलेल्या वांग्याचे भरीत आणि ज्वारीची भाकरी ही जोडी तर रश्श्याहूनही सरस ठरावी, कारण भरिताचा धुरकट वास ओकच्या पिंपात मुरलेल्या शिराझला जवळचा आहे. हिरव्या मिरचीचा ठेचा मात्र बेताने घ्यावा. अल्कोहोलमुळे तिखटाची आग वाढते आणि वाईनचे फळ हरवते. शिवाय वऱ्हाडच्या उन्हाळ्यात पारा 40 अंशांपलीकडे जात असल्याने बाटली आधी गार करून 16 ते 18 अंशांवर पेल्यात ओतावी.