चौकटीच्या कडेला

गोरेगाव, रविवार रात्र.

काकांचा यशिका इलेक्ट्रो ३५ आज पुन्हा काढला. आजीला ओसरीवर बसवलं, पुढ्यात वाळणारी हळद. “काढ की लवकर, ऊन लागायलंय.”

या कॅमेऱ्यात डोळा एका खिडकीतून पाहतो, फिल्म दुसऱ्याच भिंगातून. लांबच्या शेताला ते चालून जातं. माणूस मीटरभरावर आला की नेमकं डोकंच कापलं जायचं. म्हणून फोकस फिरवला की आतली पिवळी चौकट तिरपी सरकते. १९५४च्या लायका एम३मध्येही हीच सोय.

पण सरकली तरी ती लहानमोठी होत नाही, आणि खरी गोम इथेच आहे. जवळ फोकस करताना भिंग पुढे येतं, दृश्य किंचित आकसतं. लायकाच्या रेषा जवळच्या अंतराला धरून आखलेल्या, त्यामुळे लांबच्या फोटोत रेषेबाहेरचंही बरंच फिल्मवर उतरतं.

यशिकातही तसंच होत असावं: काकांच्या जुन्या फोटोंत कडेला कुणाचा हात, बैलाचं शेपूट. मी त्यांना उगाच गबाळे समजत होतो! बिचाऱ्यांनी चौकट नीटच धरली असणार.

रोलमध्ये अजून सात फोटो शिल्लक आहेत. आजी मात्र उद्या बसायला तयार नाही.