माहलरची पाच मिनिटं

गुस्ताव माहलरची दुसरी सिंफनी मी दुसऱ्याचा कोड वाचावा तशी ऐकायचो. जवळजवळ दीड तास, पाच भाग. अर्थ शोधत बसायचं! त्यानं स्वतःच आधी अर्थ लिहून दिला, नंतर मागे घेतला. म्हणजे डॉक्युमेंटेशनच डिलीट!

पहिला भाग १८८८चा, अंत्यविधीचा. शेवट मात्र सुचेना. १८९४मध्ये हांबुर्गला ब्यूलोच्या अंत्यविधीत पुनरुत्थानाचं स्तोत्र ऐकलं, तेव्हा सुचला.

पहिल्या भागानंतर निदान पाच मिनिटं थांबा, असं त्यानं लिहून ठेवलंय. मी लगेच पुढचा ट्रॅक लावायचो. बाबांचं तेरावं झाल्यावर दुसऱ्याच दिवशी ऑफिस गाठलं होतं, तसंच.

परवा रात्री थांबलो. पाच मिनिटं फार मोठी असतात हो! अर्थ कळला का, माहीत नाही. पण दोन वर्षांनी रडू आलं.

असो.